कॉलेज काउन्सेलिंग पॅकेजचा आमचा अनुभव, मुलींच्या पालकांनी जरूर वाचा

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ३. पहिल्या काउन्सेलरला २ आणि नंतर बदलून मिळालेल्या बाईंना ५, मधे कुठेतरी ३ वर आले. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण पॅकेज घेण्याआधी आम्ही अजून तीन ठिकाणी चौकशी केली होती आणि ज्या गोष्टीबद्दल मी खाली तक्रार करणारे ती त्या तिघांच्याही पॅकेजमध्ये नव्हती. ज्यांची मुलगी आत्ता सोफोमोर किंवा ज्युनियर इयरला (दहावी-अकरावीला) आहे त्यांच्यासाठी लिहितेय, लांब झालंय पण वेळ काढून वाचा.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. लेकीला एरोस्पेस इंजिनियरिंगच करायचं होतं, सहावी-सातवीपासून तेच डोक्यात. जून २०२४ मध्ये ४,२०० डॉलर्सचं पॅकेज घेतलं, दोन हप्त्यात. त्यात कॉलेजांची लिस्ट करून देणं, कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना चालणारा एकच फॉर्म) ६५० शब्दांचा एसे आणि प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे एसे, महिन्याला दोन झूम कॉल, आणि ॲडमिशन्स आल्यावर कुठे जायचं ते ठरवायला मदत, एवढं सगळं.

चांगलं काय ते आधी. एसेचं काम त्यांनी फार मनापासून केलं, लेकीने पहिल्या ड्राफ्टमध्ये रोबोटिक्स क्लबचंच सगळं लिहिलं होतं आणि काउन्सेलरने तिला बरोबर विचारलं की यात तू कुठे आहेस, मग तिने तिच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा मोकळेपणाने लिहिलं, तो एसे वाचून मी आणि नवरा दोघंही बराच वेळ बोललोच नाही. डेडलाइन्स एकही चुकली नाही, १ नोव्हेंबरच्या अर्ली ॲक्शनला, म्हणजे लवकर अर्ज करायच्या मुदतीला, सगळी ॲप्लिकेशन्स चार दिवस आधीच गेली होती. पोर्टल सोपं आहे, कुठे काय राहिलंय ते लगेच दिसतं. या कामाचे पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणेन.

आता लिस्ट. त्यांनी एक मोठी एक्सेल शीट दिली, १४ कॉलेजं आणि समोर रकाने. ट्यूशन, मेरिट स्कॉलरशिप, रँकिंग, इंटर्नशिप कुठे मिळतात, हवामान, एअरपोर्ट किती लांब, शाकाहारी जेवण आहे का, अगदी इंडियन ग्रोसरी किती मैलांवर आहे तेही. मला ती शीट बघून खूप बरं वाटलं होतं की बघा किती बारीक विचार केलाय. आणि त्या शीटमध्ये जॉर्जिया टेक होतं, इंडियानातलं पर्ड्यू होतं, टेक्सासची दोन होती, अलाबामाचं एक होतं कारण तिथे चांगल्या मार्कांवर मोठी स्कॉलरशिप मिळते, इलिनॉयचं अर्बाना-शॅम्पेन होतं, मिशिगन, मेरीलँड, आणि आमचं घरचं रटगर्स. तब्येतीचा रकाना नव्हता आणि त्या राज्यात गर्भपाताचा कायदा काय आहे त्याचाही नव्हता.

हे वाचून काही जण म्हणतील की अठरा वर्षांच्या मुलीच्या कॉलेजच्या लिस्टमध्ये हा विषय कशाला. मलाही दोन वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तर मी विषय बदलला असता, आपल्या घरांमध्ये हे बोलतच नाहीत. म्हणून आमचं काय झालं ते सांगते.

लेकीला तेराव्या वर्षी ज्युव्हेनाइल आर्थरायटिस निघाला, लहान वयातला संधिवात. चौदाव्या वर्षापासून ती मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर, बाकीच्या दिवशी फोलिक ॲसिड. या गोळीमुळे ती सकाळी उठून स्वतःच्या हाताने बाटलीचं झाकण उघडू शकते. संधिवातासाठी, सोरायसिससाठी, ल्युपससाठी अनेक जण ती घेतात. पण हेच औषध नळीत गर्भ राहिला तर तो थांबवायला पण वापरतात, म्हणजे मोठ्या डोसमध्ये. २४ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा डॉब्जचा निकाल आला, गर्भपाताचा हक्क देशभर देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेडचा निकाल रद्द झाला आणि गर्भपाताचं काय करायचं ते प्रत्येक राज्याच्या हातात गेलं. त्यानंतर काही राज्यांमध्ये फार्मसीवाले मेथोट्रेक्सेट द्यायला घाबरायला लागले, पुढे मुलंबाळं होऊ शकतील अशा वयाची बाई समोर असली की प्रश्न. इतकं झालं की जुलै २०२२ मध्ये फेडरल आरोग्य खात्याला देशातल्या जवळपास ६०,००० फार्मसींना लेखी आठवण करून द्यावी लागली की असं औषध अडवणं हा भेदभाव होऊ शकतो.

मी तेव्हा ती बातमी वाचली होती आणि विसरले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात लेक दक्षिणेकडच्या एका राज्यात तीन आठवड्यांच्या इंजिनियरिंग कॅम्पला गेली, गोळ्यांची बाटली घरीच राहिली. आम्ही प्रिस्क्रिप्शन तिकडच्या एका फार्मसीत पाठवायला सांगितलं. ती घ्यायला गेली तर काउंटरवर तिला, सोळा वर्षांच्या मुलीला, मागे रांगेत लोक उभे असताना विचारलं की हे कशासाठी घेतेस, आणि मग डॉक्टरकडून डायग्नोसिस लेखी आल्याशिवाय देता येणार नाही म्हणाले. दोन दिवस गेले. औषध मिळालं शेवटी, डोस फक्त दोन दिवस लांबला, तसं बघितलं तर मोठं काही झालं नाही. पण तिने मला फोनवर विचारलं, आई, त्यांना काय वाटलं माझ्याबद्दल? मला तेव्हा कळलंच नव्हतं ती काय विचारतेय, दुसऱ्या दिवशी आमच्या रुमॅटॉलॉजिस्टच्या, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांच्या, नर्सने समजावून सांगितलं तेव्हा कळलं.

अजून एक गोष्ट आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस जाऊन चालत नाहीत, गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं, औषध बंद केल्यावरही डॉक्टर काही महिने थांबायला सांगतात. लेक सतरा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी मला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि तिच्याशी एकटीशी बोलले, त्या पाच मिनिटांत मला जे वाटलं ते मी लिहू शकत नाही, पण आज मी त्यांची आभारी आहे. म्हणजे आमच्या मुलीसाठी हा प्रश्न तत्त्वाचा नाहीये, तिच्या मेडिकल फाइलमध्ये लिहिलेला आहे. गर्भनिरोधक फेल जाऊ शकतं, कॉलेजमध्ये मुलींवर जबरदस्ती होते हेही सगळ्यांना माहितीये, आणि तसं काही झालं तर तिच्यासमोरचा डॉक्टर काय करू शकतो हे ती कुठल्या राज्यात उभी आहे त्यावर ठरणार.

हे सगळं मी सप्टेंबर २०२४ मध्ये पहिल्या काउन्सेलरला झूमवर सांगितलं. अगदी व्यवस्थित, मुद्दे लिहून घेऊन बसले होते. तो म्हणाला की आम्ही राजकीय विषयांत पडत नाही, आमची तशी पॉलिसी आहे, तुम्ही फॅमिली म्हणून ठरवा. मी म्हटलं यात राजकारण काय आहे, तुमच्या शीटमध्ये पाऊस किती पडतो ते आहे, माझ्या मुलीचं औषध आणि इमर्जन्सी रूम का नाही. तो परत तेच म्हणाला, आवाज शांत ठेवून. वाईट माणूस नव्हता, एसेसाठी त्याने किती कष्ट घेतले ते वर लिहिलंच आहे. पण त्या कॉलनंतर मला फार एकटं वाटलं.

आणि असं नाही की हा प्रश्न आमच्या एकट्याच्याच घरात आहे. गॅलप आणि ल्युमिना फाउंडेशनने २०२२ च्या शेवटी कॉलेजमधल्या मुलामुलींचा सर्व्हे केला होता त्यात साधारण १० पैकी ७ जणांनी सांगितलं की कॉलेज ज्या राज्यात आहे तिथले असे कायदे त्यांच्या निर्णयात महत्त्वाचे आहेत, आणि त्यात मुलं पण आहेत, नुसत्या मुली नाहीत. इतक्या घरात जेवणाच्या टेबलावर जी चर्चा चाललीये ती ४,२०० डॉलर्स घेणाऱ्या माणसाला टाळता येते हे मला पटत नाही. माझ्या ऑफिसमधली एक सहकारी अगदी श्रद्धाळू कॅथलिक आहे, तिला माझ्या उलट मत आहे, तिला मुलगी अशा ठिकाणी जायला हवी आहे जिथे कायदा कडक आहे. आमची दोघींची यावर मनमोकळी बोलणी झालीत. तिलासुद्धा तो रकाना हवाच आहे ना! माहिती द्या, ठरवायचं ते ज्याचं तो ठरवेल.

त्याच सप्टेंबरमध्ये जॉर्जियातल्या अँबर थर्मनची बातमी आली. २८ वर्षांची, सहा वर्षांचा मुलगा असलेली. जॉर्जियाचा सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदीचा कायदा जुलै २०२२ मध्ये लागू झाला होता म्हणून ती नॉर्थ कॅरोलायनात जाऊन गोळ्या घेऊन आली, नंतर गुंतागुंत झाली, इन्फेक्शन पसरलं, अटलांटाजवळच्या हॉस्पिटलमध्ये पिशवी साफ करायची नेहमीची प्रोसीजर करायला जवळपास वीस तास गेले आणि ती ऑगस्ट २०२२ मध्ये गेली. राज्याच्याच तज्ज्ञ समितीने म्हटलं की हा मृत्यू टळण्यासारखा होता. लेकीने ती बातमी माझ्याआधी वाचली होती. तिने स्वतःच शीटमधून जॉर्जिया टेक काढलं, मला विचारलं पण नाही, रात्री शीट उघडली तर ती ओळ नव्हती. तिचं ते ड्रीम कॉलेज होतं, भिंतीवर त्यांचा पिवळा झेंडा लावला होता. टेक्सास आणि अलाबामा आधीच गेले होते.

इथे माझ्या सासूबाईंबद्दल सांगायलाच पाहिजे. त्या मिरजेला असतात, वय ७७, आयुष्यभर नर्स होत्या, १९६९ ला नोकरीला लागल्या. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. लेकीने आजीला सगळं सांगितलं, मी जरा घाबरूनच बाजूला बसले होते की या विषयावर आई काय म्हणतील. त्या म्हणाल्या, "अगं आमच्या वॉर्डात पहिली तीन वर्षं मी काय बघितलंय तुला काय सांगू. सुईणीने काडी घातलेल्या बायका यायच्या, अंगात ताप, पोट दगडासारखं, बरोबर आलेला माणूस सांगायचा की पाय घसरून पडली. डॉक्टरांना सगळं कळायचं पण कायद्याची भीती. त्यांनी वेळ काढला की बाई हातची जायची." मग आपल्याकडे १९७१ चा गर्भपाताला परवानगी देणारा कायदा झाला, एप्रिल ७२ पासून लागू. तो ज्या समितीच्या रिपोर्टवर झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा म्हणजे तेव्हाचे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री, हे मला सासूबाईंमुळेच कळलं. पुढे २०२१ मध्ये त्या कायद्यात बदल झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने लग्न न झालेल्या मुलींनाही २४ आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क दिला. अमेरिकेतल्या निकालानंतर तीनच महिन्यांनी. लेक म्हणाली, आजी, म्हणजे मी मिरजेला कॉलेजला आले तर जास्त सेफ? आजी काही बोलल्या नाहीत.

मग त्यांनी सविताची आठवण काढली. सविता हलप्पनवार, बेळगावची, डेंटिस्ट, नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये गॉलवेला होती. मिरज-बेळगाव म्हणजे अंतर ते किती, आमच्या नातेवाइकांत तेव्हा सगळीकडे तीच चर्चा होती. १७ आठवड्यांची गरोदर, गर्भपात आपोआप व्हायला लागलेला, मूल वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत, तिने मागितलं की मोकळी करा, पण ठोके चालू आहेत तोवर हात लावता येत नाही म्हणाले. २८ ऑक्टोबर २०१२ ला सेप्सिसने, म्हणजे इन्फेक्शन रक्तात पसरून, गेली, ३१ वर्षांची. तिला तर मूल हवं होतं. आयर्लंडने नंतर मे २०१८ मध्ये मत देऊन कायदा बदलला, ६६ टक्के लोकांनी बाजूने दिलं. सासूबाई लेकीला एवढंच म्हणाल्या, "सेप्टिक व्हायला लागलं की तास मोजायचे असतात बाळा, मैल नाही."

जानेवारीत मी कंपनीला सरळ मेल लिहिला की काउन्सेलर बदलून द्या, आणि का ते लिहिलं. त्यांनी एका आठवड्यात बदलून दिला, यासाठी त्यांना श्रेय. नवीन बाई आधी मिडवेस्टमधल्या एका कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसमध्ये होत्या, त्यांची स्वतःची मुलगी कॉलेजला. पहिल्याच कॉलला मी परत सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, ठीक आहे, चला यादी करू काय काय विचारायचं. इतकं साधं वाक्य, पण मला रडू आलं.

तोपर्यंत पर्ड्यू आणि अर्बाना-शॅम्पेन दोन्हीकडून होकार आला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही दोन कॉलेजं एकमेकांपासून साधारण ९० मैलांवर आहेत, दोन्हीकडे एरोस्पेस उत्तम, मधे फक्त राज्याची सीमा. इंडियाना हे डॉब्जनंतर नवीन बंदी पास करणारं पहिलं राज्य, ऑगस्ट २०२२ मध्ये सही झाली, कोर्टकचेऱ्या होऊन ऑगस्ट २०२३ पासून लागू. आईच्या जिवाला किंवा तब्येतीला गंभीर धोका असेल, गर्भ जगूच शकणार नसेल तर २० आठवड्यांपर्यंत, बलात्कार असेल तर १० आठवड्यांपर्यंत, तेही हॉस्पिटलमध्येच, बाकी बंद. डॉक्टर चुकला तर लायसन्स जातं आणि तुरुंग होऊ शकतो. माझा नवरा फार्मा कंपनीत आहे, त्याच्या लक्षात होतं की इंडियानापोलिसच्या एली लिलीने तेव्हाच जाहीर सांगितलं होतं की या कायद्यामुळे आम्हाला राज्याबाहेर जास्त नोकऱ्या काढाव्या लागतील. आणि पलीकडे इलिनॉयमध्ये २०१९ पासून हा हक्क कायद्यात लिहिलेला.

पैशाचं गणित मात्र बरोबर उलटं! पर्ड्यूने २०१३ पासून तोवर ट्यूशन वाढवलेलीच नव्हती, बाहेरच्या राज्यातल्या मुलांना तेव्हा २८,७९४ डॉलर्स होती, इंजिनियरिंगचे थोडे वर. शॅम्पेनला इंजिनियरिंगसाठी बाहेरच्यांना ४० हजारांच्या वर होती. वर्षाला १५ हजारांच्या आसपास फरक धरा, चार वर्षांचे ६० हजार. नवऱ्याने पहिल्या दिवशी सांगितलं की पर्ड्यू, विषय संपला, आणि त्याचं चूक नव्हतं, आमचा अजून एक मुलगा आहे मागे.

मार्चमध्ये दोन्ही बघायला गेलो. पर्ड्यूला नील आर्मस्ट्राँग शिकला, त्याच्या नावाच्या बिल्डिंगसमोर त्याचा पुतळा आहे आणि पुढे जमिनीत चंद्रावरच्या बुटांसारखे ठसे केलेत. लेक त्या ठशांवर पाय ठेवून उड्या मारत पुढे गेली, लहान असताना जशी करायची तशी, मी फोटो काढला आणि मनात म्हटलं इथेच येऊ दे हिला. मग गाडीने शॅम्पेनला निघालो, दोन्हीकडे मागच्या वर्षीच्या मक्याची कापलेली रिकामी शेतं, अलीकडे तशीच पलीकडे तशीच, राज्य बदललं तेव्हा फक्त गाडीतलं घड्याळ एक तास मागे गेलं. मी मागच्या सीटवर बसून मोजत होते किती वेळ लागतो. दीड तासाच्या वर गेला, दिवसाउजेडी, कोरड्या रस्त्यावर, आणि गाडी चालवणारा नवरा होता. तिकडे तिच्याकडे गाडी नसणार.

नवीन काउन्सेलर बाईंनी काय काय केलं ते नीट लिहिते कारण ५ स्टार त्याचे आहेत. त्यांनी आम्हाला दोन्ही कॉलेजांच्या हेल्थ सेंटरला विचारायचे प्रश्न लिहून दिले आणि एका कॉलवर स्वतः बरोबर बसल्या. नवऱ्याच्या कंपनीचा इन्शुरन्स त्या गावात चालतो का, नेटवर्कमध्ये रुमॅटॉलॉजिस्ट किती लांब, कारण न्यू जर्सीचे डॉक्टर व्हिडिओवर बघू म्हणतात पण पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथलं लायसन्स लागतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. मुलगी १८ ची झाली की हॉस्पिटल आपल्याला काहीही सांगायला बांधील नाही, म्हणून जायच्या आधी तिच्या सहीचे दोन कागद करून ठेवा, एक मेडिकल माहिती आईवडलांना द्यायला परवानगी आणि एक ती बेशुद्ध असेल तर निर्णय कोणी घ्यायचा त्याचा. हे दोन कागद मुलगा असला तरी करा, कुठल्याही राज्यात जाणार असला तरी करा. आणि इन्शुरन्सचं जे पत्र घरी येतं, कुठली तपासणी केली त्याचा हिशोब, ते ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्याकडे येतं, म्हणजे बाबांकडे, हे मुलीला माहीत असायला हवं म्हणाल्या. नवरा शेजारीच बसला होता. तो लेकीकडे न बघता म्हणाला, पत्र आलं तरी मी काही विचारणार नाही. मी त्याला बावीस वर्षं ओळखते, त्याच्यासाठी हे केवढं मोठं वाक्य होतं ते मलाच माहीत.

खरं ते सांगायला हवं, इंडियानातल्या ज्या फार्मसीला आम्ही फोन केला त्यांनी सरळ सांगितलं की मेथोट्रेक्सेट आम्ही रोज देतो, काही अडचण नाही. म्हणजे गोळीचा प्रश्न तिथे सुटला होता. राहिला होता सासूबाईंचा प्रश्न, की तास मोजायची वेळ आली तर. मी एका हॉस्पिटलला विचारायचा प्रयत्न केला, की मेथोट्रेक्सेटवर असलेल्या मुलीला दिवस गेले तर तुम्ही काय करता, तीनदा फोन फिरवला गेला आणि शेवटी त्या केसमध्ये आमचे वकील बघतील असं उत्तर आलं. डॉक्टर बघतील असं नाही म्हणाले. मी फोन ठेवला आणि काउन्सेलरना मेसेज केला, त्या म्हणाल्या तुम्हाला उत्तर मिळालंय.

लेकीने २६ एप्रिलला ठरवलं, १ मे शेवटची तारीख होती. तिला पर्ड्यू जास्त आवडलं होतं आणि ती तसं स्पष्ट म्हणाली. म्हणाली, आई, इंडियानात पण मुली राहतातच, मी काय वेगळी आहे. मग दोन दिवस काही बोलली नाही आणि नंतर सांगितलं, मला चार वर्षं मनात प्लॅन बी घेऊन झोपायचं नाहीये. तिने शॅम्पेनला होकार कळवला. नवऱ्याने ६० हजारांचा विषय त्यानंतर काढला नाही, आम्ही किचन करायचं ठरवलं होतं ते रद्द केलं, ती दुसऱ्या वर्षापासून रूम शेअर करून अपार्टमेंटमध्ये राहणार.

पण आमच्याकडे ते ६० हजार कसे तरी उभे राहिले, हे मी विसरू शकत नाही. माझी शाळेपासूनची मैत्रीण डॅलसजवळ फ्रिस्कोला राहते, एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डची रांग संपत नाहीये. तिच्या मुलीला एच-फोर (त्याच व्हिसावरच्या कुटुंबाचा व्हिसा) असल्यामुळे फेडरल मदत मिळत नाही, टेक्सासमध्ये राहून इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांची कमी फी भरणं हाच मार्ग आहे. तिथे सप्टेंबर २०२१ पासून असा कायदा आहे की सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला मदत करणाऱ्यावर कोणीही परका माणूस केस करू शकतो, कमीत कमी १०,००० डॉलर्सची, आणि ऑगस्ट २०२२ पासून तर जवळपास पूर्ण बंदी. ती मला म्हणाली, तू लिस्टमधून राज्य काढू शकतेस, माझं तर घरच तिथे आहे. तिच्यासारख्यांना राज्य निवडायला मदत नकोय, असलेल्या ठिकाणी काय तयारी करायची ते कोणीतरी सांगायला हवंय. दोन कागद, इन्शुरन्स, जवळचं मोठं हॉस्पिटल, कोणाला फोन करायचा. आमच्या बाईंनी जे दीड तासात केलं तेच. मी तिला माझी सगळी यादी पाठवली, तुम्हाला हवी असेल तर तुम्हालाही पाठवेन, मराठीतच लिहिलीये.

तर ज्यांना हे किंवा असलं कुठलंही पॅकेज घ्यायचंय त्यांच्यासाठी. एसे आणि डेडलाइनसाठी घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण पहिला हप्ता भरायच्या आधी सॅम्पल शीट मागा आणि विचारा की राज्याचे आरोग्याचे कायदे तुम्ही यात धरता का, आणि उत्तर राजकारण म्हणून टाळलं तर तिथेच दुसरा काउन्सेलर मागा, आमच्यासारखे चार महिने थांबू नका. मुलीला कॉलवर बसवा, तिच्यामागे बोलू नका. आणि घरात कोणी आजी असतील ज्यांनी जुने दिवस बघितलेत त्यांना नक्की विचारा, मला वाटलं होतं त्या लाजतील, सगळ्यात मोकळेपणाने त्याच बोलल्या.

अपडेट, ऑक्टोबर २०२५: लेक कॉलेजला जाऊन दोन महिने झाले. कॉलेज सुरू होता होताच, ऑगस्टमध्ये, इलिनॉयच्या गव्हर्नरनी अजून एका कायद्यावर सही केली की सरकारी कॉलेजांच्या हेल्थ सेंटरने गर्भनिरोधक आणि गर्भपाताच्या गोळ्या द्यायची सोय करायची, असाच कायदा कॅलिफोर्नियात २०२३ पासून आहे. कंपनीकडूनही मेल आला की तुमच्या फीडबॅकवरून शीटमध्ये आरोग्य सेवा नावाचा रकाना टाकलाय. मी मागितलाय बघायला, अजून आलेला नाही, आला की रेटिंग बदलेन. लेकीने पहिल्यांदा तिकडच्या फार्मसीतून स्वतः गोळ्या आणल्या त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर बाटलीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, काही विचारलं नाही, फक्त जन्मतारीख. आजींनी मिरजेहून लगेच हात जोडलेले दोन इमोजी पाठवले, तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते.